पाऊण इंच

कापसाच्या गाड्या सुरू झाल्या की बेल्याच्या रस्त्यावरच्या बाभळी पांढऱ्या होतात. गाडीतून उडालेला कापूस काट्यांना अडकतो आणि पाऊस येईपर्यंत तिथेच मळत राहतो. पूर्वी बैलगाड्या होत्या, आता ट्रॅक्टर आहेत. बाभळींना त्याचा काही फरक पडलेला नाही. ओट्यावर खुर्ची टाकून मी बघत बसते. डोळे चांगले आहेत, गुडघे गेले. येणारे-जाणारे समजतात म्हातारी ऊन खाते आहे.

परवा शेजारची सून तिच्या पोरीचा फ्रॉक घेऊन आली. कमरेत आवळून द्या म्हणाली. मी टेप काढला. हा टेप पिवळा होता, आता गुळाच्या रंगाचा झाला आहे. टोकाच्या पितळी भोकात लाल दोरा ओवलेला आहे, तोही काळा पडला. आकडे मात्र दिसतात. सून म्हणाली, "आजी, नवीन घ्या ना एखादा. बजारात ढिगानं भेटतात."

मी म्हटलं, हा खरा आहे.

ती पोरीकडे बघून हसली. टेप खरा-खोटा असतो हे तिला कोणी सांगितलेलं नाही. मलाही कोणी सांगितलं नव्हतं. एका पोरीने सांगायचा प्रयत्न केला, तेव्हा मी तिच्या बोटांवर लाकडी पट्टी मारली.

तेव्हा आमचं बेला आंध्रात होतं, तेलंगण अजून झालं नव्हतं. मंडळ ऑफिस नवं झालं होतं आणि तिथून बायांसाठी पाच शिवणमशिनी आल्या. काळ्या, पायाच्या, सोनेरी वेलबुट्टीच्या. चावडीमागच्या खोलीत त्या मांडल्या. शिकवायला सर्टिफिकेटवाली बाई पाहिजे होती, पण आदिलाबादहून रोज बसचे धक्के खात कोणी यायला तयार होईना. म्हणून मला ठेवलं. मी चौथी पास. पण शिंप्याची लेक. माझा बाप मुधोळच्या बाजारात मशीन मांडून बसायचा, आणि लग्नसराईत तेच मशीन बैलगाडीत टाकून गावोगाव जायचा. चौथीनंतर त्याने मला शाळेतून काढलं आणि काज-बटणाला बसवलं. काज वाकडा झाला की तो कात्रीच्या मुठीने माझ्या नखावर मारायचा. डाव्या अंगठ्याचं नख अजून दुभंगलेलं उगवतं. बाप वाईट नव्हता. त्याला शिकवायची दुसरी रीत माहीत नव्हती, आणि मी माझ्या पोरींसाठी दुसरी शोधली नाही.

माझी रीत अशी. पोरीने शिवून आणलं की मी ते उजेडात धरायचे आणि सगळ्यांसमोर उसवायचे. दाढीच्या पात्याचा अर्धा तुकडा मी पदराच्या टोकाला बांधून ठेवलेला असे. शिवण चांगली असली तरी एकदा उसवायचीच. दुसऱ्यांदा शिवलेलं मी बघायचे. पोरी रडायच्या. रडताना कापडावर पाणी पाडलं तर ते कापड धुऊन, वाळवून, इस्त्री करून परत आणायला लावायचे. आदिलाबाद बाजूच्या शिवणबाया मला कसाईण म्हणायच्या, हे मला ठाऊक होतं. आवडायचंही.

परीक्षा सरकारी होती, माघात यायची, म्हणजे ऐन वेचणीच्या दिवसांत. खालची परीक्षा हातशिलाईची आणि नमुन्यांची. वरची मोठी, तिच्यात कागदावर मापं लिहून देत आणि त्या मापाचा कपडा तिथेच बसून कापून, शिवून द्यायचा. वरची पास झाली की पोरगी शिवणटीचर होऊ शकायची. क्लासच्या खोलीत त्या दिवसांत सगळ्या वासांची खिचडी असायची. मशीनचं तेल, सरकीचा उग्र वास, कोऱ्या मांजरपाटाची खळ. कापसाची बारीक धूळ दारातून आत यायची आणि पोरी शिंकायच्या. कापणी शिकवायला आमच्याकडे तेलुगू पेपर असायचे, ऑफिसातले शिळे. पोरी तेलुगू अक्षरांचे ब्लाउज कापायच्या, तेलुगू अक्षरांच्या बाह्या. एकीच्या गळ्यावर पुढाऱ्याचा फोटो यायचा आणि सगळ्या फिदीफिदी हसायच्या.

वेचणीला जाणाऱ्या पोरी दुपारनंतर येत. त्यांना मी दारातच थांबवायचे. हात दाखव. फुटलेल्या बोंडाची टोकं सुकली की टाचणीसारखी होतात, बोटांच्या पेरांना ओरखडे काढतात. अशा हाताने रेशमी दोरा धरला की तो कातडीच्या भेगांना अडकतो आणि त्याचे तंतू सुटतात. पांढऱ्या कापडावर रक्ताचा ठिपका पडतो तो वेगळाच. मी त्यांना चुलीतल्या राखेने हात घासायला लावायचे, मग खोबरेल. भेगांत राख गेली की काय होतं ते मला माहीत होतं. ज्यांना झोंबायचं त्या दुसऱ्या दिवशी यायच्या नाहीत. पंचशीला यायची.

पंचशीला किसनची मोठी लेक. तिचे आई-बाप दुसऱ्याच्या वावरात वेचणीला जात आणि तीही त्यांच्याबरोबर जाई. दुपारी वेचलेला कापूस भरायची कमरेची ओटी सोडून थेट क्लासला. केसांत कापूस, कमरेला ओटीच्या गाठीचा वळ. दारात आली की नंदा म्हणायची, "आली पऱ्हाटी," म्हणजे कापसाचं झाड. नंदा मंडळ ऑफिसातल्या कारकुनाची मुलगी, गोरी, गुबगुबीत, वाईट मनाची अजिबात नाही, पण तोंडाला झाकण नाही. पंचशीला तिला म्हणायची, "पऱ्हाटी हाय म्हून तुहा बाप अंग झाकून ऑफिसात जाते." पोरी हसायच्या, नंदा सगळ्यात जास्त हसायची.

त्या वर्षी वरच्या परीक्षेला या दोघीच होत्या. नंदाला बसायचं होतं कारण घरी बसून कंटाळा येत होता. पंचशीलाला बसायचं होतं कारण मुलींच्या वसतिगृहात शिवणटीचरची जागा निघणार होती आणि किसनने तिला एकच मुदत दिली होती. पास झालीस तर नोकरी कर. नाही झालीस तर वैशाखात लग्न. पैनगंगेच्या पलीकडचं स्थळ होतं, बायको मेलेला माणूस, पदरी एक पोर. हे सगळ्या क्लासला माहीत होतं. मलाही होतं.

तिचा हात बापाच्या हातासारखा होता. माझ्या बापाच्या, तिच्या नव्हे. कापडावर खडू ठेवायच्या आधी ती तळहाताने कापड एकदा सारखं करायची, जनावराच्या पाठीवरून फिरवतात तसा हात. असं मी कोणाला शिकवलेलं नव्हतं. मला तिचा राग यायचा. असा हात वेचणीच्या पोरीला का मिळावा, हा विचार माझ्या मनात आला होता. तो मी इथे लिहून ठेवते, कारण आला होता.

एकदा मी सगळ्यांना उशीच्या खोळीवर नक्षी काढायला सांगितली. बाकीच्यांनी गुलाब काढले, मोर काढले, एकीने बदक. पंचशीलाने कापसाचं बोंड काढलं. फुटलेलं. चार पाकळ्या भरीव टाक्याच्या, तपकिरी, टोकाला काळ्या, आणि आतला कापूस पांढऱ्यावर पांढरा, साखळीटाका असा सैल सोडलेला की बोटाने ओढून घ्यावासा वाटे. पांढऱ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याने काही काढायची अक्कल मला पन्नाशीपर्यंत आली नसती.

"हे काय काढून राह्यली?" मी म्हटलं.

"बोंड."

"दिवसभर बोंडं पाहतं, उशीवरही बोंडंच? त्याच्यावर डोकं ठेवून कोन झोपन?"

"आमी झोपतो, बाई. कापसाच्या ढिगावरच झोपतो वावरात."

पोरी हसल्या. मी पातं काढून ते बोंड उसवलं. पांढरा दोरा पांढऱ्या कापडात शोधून काढायला बराच वेळ लागला, आणि मी तो सगळा वेळ घेतला. ती समोर उभी होती. नंतरची वीस वर्षं मी प्रत्येक तुकडीला तेच बोंड शिकवलं. तसंच, पांढऱ्यावर पांढरं. कोणी विचारलं तर म्हणायचे, माझं आहे.

आता टेपाचं.

क्लासमध्ये एकच टेप होता, माझ्या बापाचा. दाराच्या खिळ्याला लटकत असे. मेणकापडाचा, कडा झिजलेल्या, त्यावर हळदीकुंकवाचे डाग. शिंप्याच्या घरी दसऱ्याला मशीन, कात्री आणि टेप पाटावर मांडतात आणि पूजा करतात. तो टेप बापाच्या हयातीत पूजला गेला, मग माझ्या घरी. माझा नियम होता की एक क्लास, एक टेप. प्रत्येकीने याच टेपाने मापायचं, बाहेरचा टेप दारात आणायचा नाही. पंचशीलाच्या चंद्रपूरच्या मामाने तिला नवा टेप आणून दिला होता, पिवळाजर्द. तिने त्याच्या पितळी भोकात लाल दोरा ओवून घेतला होता, दुसऱ्याचा होऊ नये म्हणून. घरी ती त्या टेपाने कापायची.

सराव नंदाच्या अंगावर चालायचा, कारण तिचं अंग भरलेलं आणि तिला उभं राहायला आवडायचं. तिची मापं मी वहीत लिहून ठेवली होती. छाती बत्तीस. सगळ्या पोरी नंदाच्या मापाचे ब्लाउज शिवायच्या, ते तिला बसायचे. पंचशीलाचा बसायचा नाही. हुक लागायचे नाहीत. एकदा नाही, दर वेळी. नंदा श्वास आत ओढून उभी राहायची आणि म्हणायची, "बाई, ह्याच ब्लाउजात मी जाड होते का?"

मला वाटायचं पंचशीला शिवणीत कापड खाते. तिला घाई आहे, वेचणीचा हात आहे, ओरबाडून घ्यायची सवय आहे. असं सगळं मी तोंडाने म्हणत असे. तिचे किती ब्लाउज उसवले ते मोजले नाहीत. एके दिवशी तिने घरून स्वतःचा टेप आणला, खिळ्यावरचा काढला आणि दोन्ही टेबलावर शेजारी-शेजारी ठेवले. म्हणाली, "बाई, एकडाव हे पाहा ना."

मी पाहिलं नाही. पट्टी उचलली आणि तिच्या बोटांवर मारली, जिथे बोंडांचे ओरखडे होते तिथेच. म्हटलं, "बजारातला टेप माझ्या बापाच्या टेपाशेजारी ठेवतं? तुह्या मामानं खोटाच आनला असन." तिने स्वतःचा टेप गुंडाळून कमरेला खोचला, माझा खिळ्याला अडकवला, आणि मशीनवर जाऊन बसली. थोड्या वेळाने पायडलचा आवाज सुरू झाला.

नजर टाकायला कितीसा वेळ लागला असता?

परीक्षेच्या दिवशी पहाटेची बस. धुकं होतं, खिडक्यांना काचा नव्हत्या. रस्त्यात कापसाच्या गाड्या, बैलांच्या तोंडातून वाफा निघत होत्या. आदिलाबादला बस-स्टँडवर उतरलो आणि नंदाच्या लक्षात आलं की टेप घरीच राहिला. ती काहीही विसरायची. एकदा कात्रीऐवजी पिशवीत विळा घेऊन आली होती. दुकानं उघडायला वेळ होता. मी माझ्या पिशवीतून बापाचा टेप काढला. तो मी सोबत घेतला होता, असाच, शकुनासाठी.

मी तो नंदाला दिला असता तर हा लेख लिहिला नसता. पण मी पंचशीलाला म्हटलं, तुझा टेप नंदाला दे, तू माझा घे.

का, ते मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. दोन कारणं होती आणि दोन्ही खरी होती. एक म्हणजे तिचा हेका मोडायचा होता. दुसरं म्हणजे माझ्या बापाचा टेप सरकारी परीक्षेत चांगल्या हातात जावा, असं मला वाटत होतं. नंदाच्या हातात तो द्यायला माझा जीव होत नव्हता.

पंचशीला म्हणाली, "बाई, मले माह्याच टेपानं जमते."

"माझ्या टेपानं जमत नाही तिले मी शिकवलंच नाही, असं सांगू का आत जाऊन?"

तिने लाल दोऱ्याचा टेप काढून नंदाला दिला. नंदा म्हणाली, "देवाचा टेप भेटला तुले, आता काय बापा." पंचशीलाने माझा टेप दोन्ही हातांनी घेतला.

परीक्षा मुलींच्या शाळेत होती. मास्तरणींना आत सोडत नव्हते. मी व्हरांड्यात खिडकीपाशी उभी राहिले. परीक्षक तेलुगू मॅडम होती, उंच, चष्म्याची, करीमनगरकडची असावी. सकाळी नक्षीकाम झालं. पंचशीलाने बोंडच काढलं. मला खिडकीतून दिसत होतं. मॅडमने ते उचलून दुसऱ्या मॅडमला दाखवलं, दोघींनी त्यावरून बोट फिरवलं. मला वाटलं झालं, आता नोकरी कुठे जात नाही.

दुपारी कापणी. कागदावर ब्लाउजची मापं दिली होती, छाती बत्तीस. पंचशीला सगळ्यांच्या आधी उठली. मॅडमने ब्लाउज हुक लावून टेबलावर पसरला आणि स्वतःच्या पर्समधला टेप काढून लावला. मग तिच्याकडे बघून विचारलं, "एंता?" म्हणजे किती.

"मुप्पै रेंडु," पंचशीला म्हणाली. बत्तीस.

मॅडमने टेप पुन्हा लावला. बोटाने आकडा दाखवला. तेहतीसला जरासा कमी. लांबी मापली, तीही जास्त. बाही जास्त. पाव इंच इकडेतिकडे चालतं, पाऊण इंच चालत नाही. मॅडम हिंदीत म्हणाली की एवढा सुंदर हात आणि माप येत नाही, तुला शिकवलं कोणी? खिडकीतून मला हे नीट ऐकू आलं. पंचशीलाने खिडकीकडे पाहिलं नाही. ती म्हणाली, "माझंच चुकलं, मॅडम."

नंदाचा ब्लाउज वेडावाकडा होता, गळा बैलाच्या जुवासारखा. पण लाल दोऱ्याच्या टेपाने बत्तीस म्हणजे बत्तीसच आलं. काठावर पास झाली.

परत येताना बसमध्ये नंदा बोरं खात होती, बिया खिडकीबाहेर थुंकत होती. पंचशीलाने माझा टेप नीट गुंडाळून मला परत दिला. मी म्हटलं, कात्री धरताना हात थरथरला असेल तुझा. बेल्याला उतरल्यावर नंदाने तिचा टेप माझ्याकडे दिला, उद्या पंचशीलाला द्या म्हणाली, कारण पंचशीला न थांबता वावराच्या वाटेला लागली होती. वेचणी चालू होती. अर्धा दिवस तरी भरून निघेल म्हणून गेली असेल.

ती नंतर क्लासला आली नाही. टेप माझ्याकडेच राहिला.

चैत्रात निकाल लागला. किसन माझ्या ओट्याशी येऊन उभा राहिला. बस म्हटलं तरी बसला नाही. "जय भीम, बाई," म्हणाला. मग टोपी हातात फिरवत म्हणाला, "पोरगी म्हन्ते सहा महिन्यानं पुना बसता येते. तिकडचे लोक घाई करून राह्यले. तुमी सांगा. पोरीच्या हातात काही हाय का? असन तर थांबतो मी. लोकाईले तोंड देतो."

तो खरंच थांबला असता. असा माणूस होता.

मी सांगितलं, हात नाही तिचा. करून टाक लग्न.

तोपर्यंत मला टेपाचं माहीत नव्हतं, एवढंच. त्यामुळे ते खोटं बोलणं नव्हतं, असं मी स्वतःला काही वर्षं सांगितलं. पण हात होता हे मला माहीत होतं. बोंड मी पाहिलं होतं. किसनने मापाचं विचारलं नव्हतं, हाताचं विचारलं होतं.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी मी क्लाससाठी कापड आणायला आदिलाबादला गेले. मारवाड्याच्या दुकानात मी दर वेळी भांडायचे. हे लोक कापड कमी मोजून देतात, ही माझी पक्की खात्री होती. मीटरमागे जवळजवळ इंचभर कमी भरायचं. बेल्यात, भैंशात, आदिलाबादला, सगळीकडे कमी. मला वाटायचं, सगळे चोर एका माळेचे. त्या दिवशी मी तिथेच बापाचा टेप काढला आणि कापड मोजून दाखवलं. बघा, चोरी.

शेठ म्हातारा होता. त्याने रागवायचं सोडून गल्ल्याखालून लोखंडी मीटर काढला, सरकारी छापाचा, आणि माझा टेप त्यावर लावला. माझा टेप शून्याशी शून्य होता. मग सरकत, सरकत, शेवटाला इंचभर मागे पडला. "बाई," शेठ म्हणाला, "मीटर सरकार का है. फीता किसका है?"

दुकानातल्या बाया हसल्या. त्या मला ओळखत नव्हत्या.

बाप वीस वर्षं तो टेप पाटलांच्या पोटांभोवती ओढायचा. मग माझ्याकडे पोरींनी ओढला. ताणत गेला, रोज केसभर. याच टेपाने अंग मापायचं आणि याच टेपाने कापड कापायचं, म्हणून आमचे कपडे सगळ्यांना नीट बसायचे. खोटं मापावर आणि खोटं कापडावर, दोन्हीकडे सारखंच असलं की कोणाला कळत नाही. पंचशीला घरी खऱ्या टेपाने कापायची म्हणून तिचा ब्लाउज आवळ व्हायचा, आणि परीक्षेत कागदावरचं माप खरं, टेप माझा, म्हणून सैल झाला. कळायला दुसरा टेप शेजारी ठेवावा लागतो. तो तिने ठेवला होता.

घरी येऊन मी बापाचा टेप चुलीत घातला. पऱ्हाटीच्या जाळात मेणकापड तडतडलं, काळा धूर झाला, वास दोन दिवस गेला नाही. लाज वाटली असं म्हणायची रीत आहे. मला राग आला होता. तिचं बरोबर होतं याचा राग.

लग्नाला अजून दिवस होते. मी किसनच्या घरी जाऊ शकत होते. त्यांचं घर माझ्या ओट्यापासून हाकेवर होतं, आजही आहे, त्यावर आता स्लॅब पडला आहे. चूक माझी, टेप माझा, पोरगी पास होती, थांब सहा महिने, एवढं बोलायला श्वासभर वेळ लागतो. पण मग गाव म्हणालं असतं, बाईचा टेपच खोटा. ऑफिसने म्हटलं असतं, चौथी पास बाई ठेवली की असंच होणार. मशिनी दुसऱ्या कोणाच्या हाती गेल्या असत्या. तिचं एक लग्न आणि माझा क्लास, असं तराजूत घातलं, आणि मला तोलायला वेळ लागला नाही.

वसतिगृहाची जागा नंदाला मिळाली. ती तिथे निवृत्त होईपर्यंत राहिली. पोरी तिच्यावर जीव टाकायच्या, कारण ती कधीच कोणाचं उसवायची नाही. तिच्या हाताखाली एकही पोरगी धड शिवायला शिकली नसेल. दिवाळीला ती मला फराळ पाठवते. दोन वर्षांमागे ती पैनगंगेपलीकडे एका लग्नाला गेली आणि पंचशीलाकडे जाऊन आली. घर चांगलं आहे म्हणाली. सावत्र पोराने आईसारखं ठेवलंय, स्वतःची एक मुलगी नर्स झाली. शिवणमशीन आहे का, मी विचारलं. आहे म्हणाली, तिच्यावर टीव्ही ठेवलाय. मशीन उघडत नाही. ब्लाउज बाहेरून शिवून घेते.

हे ऐकल्यावर मी नंदाला चहा केला. दोघींनी प्यायला. लिहून मन मोकळं होतं म्हणतात. माझं झालेलं नाही, आणि व्हावं असंही काही नाही.

लग्नाच्या आधीच्या आठवड्यात पंचशीलाची आई तिला माझ्याकडे घेऊन आली. नवरीचा ब्लाउज गावात दुसरं कोण शिवणार होतं? आई ओट्यावर सुपारी कातरत बसली. मी पंचशीलाला आतल्या खोलीत नेलं, दाराजवळ उजेडात उभं केलं आणि खिळ्यावरचा टेप काढला.

लाल दोरा तिने लगेच ओळखला.

"हा माहा हाय," ती म्हणाली.

"हो."

"तुमचा कोठी गेला?"

"जाळला."

तिला समजायला फार वेळ लागला नाही, तिला कधीच लागत नसे. बाहेर अडकित्त्याचा आवाज येत होता. ती हळू बोलली, आईला ऐकू जाऊ नये असं. "दोन टेप सारखे नाहीत, हे मले माहीत होतं बाई. मोजून पाह्यलं होतं घरी. पन तुमी म्हनलं बजारातला खोटा असते. मले वाटलं, असन. तुमचा पूजेतला."

मी टेप तिच्या पाठीमागून घेतला आणि पुढे आणला.

"बापाले सांगसान का?" ती म्हणाली. "एकडावच. तुमचं ऐकते तो. मी सांगतलं त रडून राह्यली म्हन्ते."

टेपाची दोन टोकं माझ्या हातात होती. तिचं काळीज टेपाखाली उडत होतं, मला बोटांना लागत होतं.

"हात वर कर," मी म्हणाले.

तिने हात वर केले. छाती तीस. कंबर, खांदा, बाही, सगळी मापं मी तिच्याच टेपाने घेतली आणि वहीत लिहिली. ब्लाउज दोन दिवसांत शिवला. हिरवा होता, काठाला जरीची पट्टी. एकदा शिवला आणि उसवला नाही. लग्नाच्या दिवशी ती मांडवात उभी होती तेव्हा मी पाहिला. कुठे चुणी नाही, कुठे ताण नाही. इतका नेमका बसलेला ब्लाउज माझ्या हातून पुन्हा झाला नाही.